गांडुळं विकत आणून वाफ्यात सोडू का?

"नमस्कार दादा. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावातून लिहितेय. घरामागं अर्ध्या गुंठ्याची सांदवाडी आहे, वांगी, टमाटर, मिरची, सांभार (कोथिंबीर), पालक असं घरापुरतं लावते. माती काळी, भारी. मोबाईलवर व्हिडिओ पाहून एप्रिलमध्ये दोन किलो गांडुळं ऑनलाइन मागवली, एक किलो वाफ्यात सोडली आणि एक किलो गोठ्यामागच्या उकिरड्यावर. उकिरड्यावरची दुसऱ्याच दिवशी मेलेली दिसली, वाफ्यातली आठ दिवसांनी खोदून पाहिली तर एकही नाही. मामाजी म्हणतात, औषधं मारून मारून आपल्या मातीत आता गांडुळं राहतच नाही, कायले पैसे घालवते. माती खरंच खराब झाली का? पुन्हा मागवू का? आणि पाच-सहा कोंबड्या आहेत मोकळ्या, त्यांचं काय करायचं?"

ताई, पहिले दोन प्रश्नांची उत्तरं सरळ देऊन टाकतो म्हणजे बाकीचं निवांत वाचता येईल. माती खराब झालेली नाही. आणि वाफ्यासाठी गांडुळं पुन्हा मागवू नका, कोणी अर्ध्या किमतीत देत असेल तरी नको. उकिरड्याचा विषय वेगळा, तिथं विकतची गांडुळं चालतात, पण आत्ता नाही, त्याला अजून वेळ आहे.

झालं असं की पार्सलमधून जी येतात ती खताची गांडुळं असतात. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी आयसेनिया फेटिडा नाहीतर युड्रिलस युजेनी या दोन जाती विकतात, पहिली लालसर, अंगावर फिकट पट्टे असलेली, दुसरी जरा लांब, तपकिरी-जांभळट, मूळची आफ्रिकेतली. यांचं सगळं आयुष्य सडत्या पालापाचोळ्यात आणि जुन्या शेणात जातं, वरच्या वीतभर थरात, खाली मातीत बीळ करून उतरणं यांना जमतच नाही. तुम्ही ती एप्रिलच्या काळ्या मातीत सोडली, जिथं वर ऊन, खाली टणक ढेकूळ, खायला सडकं काहीच नाही, आणि गांडूळ श्वास घेतं ते कातडीनं, कातडी ओली असेल तोवरच, म्हणून ती एकतर वाळून मेली नाहीतर रात्रीतून निघून गेली. आणि उकिरड्यावर ताजं शेण पडत असणार. ताज्या शेणाच्या ढिगाच्या पोटात पन्नास-साठ डिग्रीपर्यंत उष्णता जाते, गांडुळाला वीस ते तीसच्या मधलं बरं वाटतं आणि पस्तीसच्या वर गेलं की ते तग धरत नाही. वरून ताज्या शेणातून अमोनिया सुटतो तो वेगळाच. म्हणजे यात तुमचं चुकलं असं मी म्हणणार नाही, विकणाऱ्यानं एप्रिलमध्ये विदर्भात पार्सल पाठवताना एवढं सांगायलाच पाहिजे होतं.

मातीतली गांडुळं ही दुसरीच मंडळी. आपल्या देशी जातींपैकी लॅम्पिटो मॉरिटी नावाचं एक भारतात खूप ठिकाणी सापडतं, ते बीळ करून राहतं, माती खातं, वरचा पाला पण खातं. अशी गांडुळं उन्हाळ्यात मरून जात नाहीत, ती खाली जातात. आत्ता तुमच्या गावात कुठं शोषखड्डा नाहीतर पाईपची नाली खोदणं चालू असेल तर बाहेर काढलेलं खालचं एखादं ओलसर ढेकूळ हातानं हळूच फोडून बघा. नशीब असेल तर आत एक लहानशी गोल पोकळी दिसेल, आतून गुळगुळीत लिंपलेली, आणि तिच्यात एक फिकं पडलेलं गांडूळ स्वतःच्या अंगाची गाठ मारून बसलेलं. हात लावला तरी हलत नाही, वाटतं मेलं, पण मेलेलं नसतं, ते पावसाची वाट पाहत झोपलेलं असतं. जमीन खोलवर ओली झाली की गाठ सोडतं आणि वर येतं. म्हणून आपल्याकडं मे महिन्यात वाफा खोदून "गांडुळं नाही" असं ठरवूच नये.

आता मामाजींचं म्हणणं. ते मी उडवून लावणार नाही कारण त्यात खरं आहेच. कार्बोफ्युरानसारखी दाणेदार कीटकनाशकं गांडुळाला फार वाईट, जिथं पडतात तिथली गांडुळं तडफडत वर येऊन मरतात. संत्र्याच्या बागा असलेल्या वरुड-मोर्शीकडच्या वाचकांसाठी पण सांगतो, बुरशीसाठी वापरतात त्या बोर्डो मिश्रणातलं तांबं मातीत साठत जातं, ते लवकर जात नाही आणि जास्त झालं की गांडुळं कमी होतात, म्हणून खोडाला पेस्ट लावताना खाली सांडू न देणं बरं. पण कपाशीच्या वावराची गोष्ट वेगळी आणि सांदवाडीची वेगळी. तुमच्या अर्ध्या गुंठ्यात तुम्ही किती औषध मारता? बहुतेक काहीच नाही. तिथं गांडुळं कमी असण्याचं कारण औषधापेक्षा हे असणार की जमीन उघडी आहे, दरवेळी पीक निघालं की पूर्ण खोदून टाकता, आणि पाला-कचरा झाडून पेटवून देता. आपल्याकडं अंगण-वाडी चकचकीत झाडलेली असली की चार लोक नाव काढतात, पण गांडुळाचं सगळं जेवण त्या झाडणीत जळून जातं, आणि हे मला खरंच मनापासून सांगावंसं वाटतं ताई, पेटवू नका. कडुनिंबाचा पाला, आंब्याचा पाला, तणाचा ढीग, काहीही असो.

तर करायचं काय. मिरग तोंडावर आलाय, हाच मोका आहे. वाफे जमिनीपासून वीतभर उंच करून घ्या कारण भारी काळ्या मातीत पाणी तुंबलं की आतली हवा जाते आणि गांडुळं वर येतात, मोठ्या पावसानंतर सिमेंटच्या रोडवर पसरलेली दिसतात ना. एकदाच खोदा, त्यात मुरलेलं शेणखत मिसळा, आणि नंतर परत खोदूच नका. पीक निघालं की झाड बुडाशी कापायचं, मुळं आत सडू द्यायची. पहिला चांगला पाऊस पडून माती ओली झाली की वर सोयाबीनचं कुटार (भुसा) नाहीतर गव्हांडा तीन-चार इंच पसरा, कोरड्या मातीवर आधीच टाकलं तर पहिल्या पावसाचं बरंचसं पाणी ते कुटारच पिऊन टाकतं म्हणून थोडं थांबायचं. पऱ्हाटी आणि तुऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची आणि तुरीची वाळलेली झाडं, तशाच टाकू नका, त्या सडायला फार वेळ लागतो, कुट्टी मशीनमधून बारीक करून मिळाल्या तर उत्तम. कुटाराखाली दिवसभर ओल टिकते, सावली राहते, अन्न पण तेच, गांडुळाला याच्यापेक्षा जास्त काही लागत नाही. व्हिडिओत चुना टाकायला सांगतात, तो आपल्याकडं नको, बहुतेक काळ्या मातीत चुनखडी आधीच भरपूर असते.

एवढं केलं तर ती आपोआप येतात का? येतात, पण हळू. गांडूळ स्वतःच्या चालीनं वर्षाला काही मीटरच पसरतं, म्हणून सुरुवातीला आपण थोडी आणून सोडायची, पण गावातलीच. पावसात धुऱ्यावर जिथं कधी वखर-डवरा फिरत नाही अशी गवताळ जागा, किंवा केळीच्या बुडाशी, विहिरीजवळच्या ओलाव्यात, जमिनीवर बारीक गोळ्यांच्या ढिगल्या दिसतात का बघा, ती गांडुळाची विष्ठा. तिथून फावडंभर माती अख्खी उचला, सुटी गांडुळं वेचत बसू नका, मातीसकट आणली तर त्यांची अंडी पण सोबत येतात आणि ओळखीची माती पण. संध्याकाळी, ढगाळ असेल तर अजून चांगलं, वाफ्यातलं कुटार बाजूला सारून खड्डा करून ती माती तशीच बसवा आणि वर कुटार ओढून घ्या. दर चार-पाच फुटांवर एक असं केलं की झालं. फावडं मारताना सांभाळून, तुटलेल्या गांडुळाची दोन होतात असं पोरं सांगतात ते खोटं आहे, फार तर डोक्याकडचा भाग जगतो.

अजून एक जुनी पद्धत आहे आणि ती मला फार आवडते कारण खर्च जवळपास नाही. अशीच विष्ठा दिसणारी ओलसर जागा निवडायची, साधारण एक मीटर लांब एक मीटर रुंद. अर्धा किलो गूळ आणि अर्धा किलो ताजं शेण दोन लिटर पाण्यात कालवून तिथं शिंपडायचं, वर कुटार, त्याच्यावर जुनं गोणपाट, आणि वीस ते तीस दिवस ती जागा पाणी मारून ओली ठेवायची. आजूबाजूची गांडुळं तिथं गोळा होतात, आणि यात मातीतली पण येतात आणि वर राहणारी देशी पण, दोन्ही. ती तुम्ही वाफ्यात पण नेऊ शकता आणि उकिरड्याला पण. पाऊस नीट सुरू झाला की हे करून बघा, आत्ताच्या उन्हात करून उपयोग नाही.

मोजायचं असेल तर ऑगस्टमध्ये मोजा. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट खोल माती काढून पोत्यावर पसरा आणि हातानं चाळा. दहाच्या आसपास निघाली तर माती चांगली आहे समजा. दोन-तीन निघाली तरी नाराज होऊ नका, पुढच्या वर्षी त्याच जागेजवळ परत मोजा, कुटार टिकवलं असेल तर आकडा वाढलेला दिसेल आणि तो मामाजींना दाखवा. त्यांना हे पण सांगा की चार्ल्स डार्विननं १८८१ मध्ये इंग्लंडमधल्या जमिनीचा हिशोब मांडला होता, त्याचा अंदाज होता की एका एकरात गांडुळं वर्षाला दहा टनांपेक्षा जास्त माती पोटातून काढून वर आणतात. तो तिथल्या जमिनीचा आकडा आहे, आपल्या काळ्या मातीला तसाच लावता येणार नाही, पण ताकद कळते. आणि आपल्या भारी जमिनीत त्यांच्या बिळांचा जो फायदा होतो तो हा की पावसाचं पाणी वरून वाहून न जाता बिळातून आत उतरतं.

आता उकिरडा. एकाच ढिगात ताजं शेण पण टाकायचं आणि गांडुळं पण ठेवायची हे जमत नाही, म्हणून दोन ढीग लागतात. पहिल्या ढिगात रोजचं शेण, कुटार, काडीकचरा पडू द्या आणि तो तापून निवू द्या. पाणी मारून महिना-दीड महिना मध्ये एकदा पालटला की तो अर्धा कुजतो. तयार झाला का हे बघायला लोखंडी सळई ढिगाच्या मधोमध खुपसून पाच-दहा मिनिटं ठेवा, बाहेर काढल्यावर मुठीत धरवत नसेल तर अजून तापलेला आहे, गार लागली तर घ्या कामात. ज्यांच्याकडं नाडेपचं, म्हणजे कंपोस्ट खताचं, टाकं आहे त्यांनाही हेच लागू. पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी काढलेली ही पद्धत आपल्या यवतमाळचीच, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकं, भिंतीत हवेसाठी भोकं, त्यातला माल निवल्यावर गांडुळासाठी चांगला चालतो.

निवलेला माल दुसऱ्या जागी पसरायचा, सावलीत, आंब्याखाली चालेल, टिनाच्या शेडमध्ये असेल तर टिनावर पऱ्हाट्या नाहीतर पाचट टाका कारण आपल्याकडचं टिन मे महिन्यात भट्टी करतं. तीन फूट रुंद, दीड-दोन फूट उंच, लांबी तुमच्याकडं माल असेल तेवढी. खड्ड्यात करू नका, आपल्याकडच्या पावसात खड्डा भरतो. खाली प्लास्टिक किंवा कोबा नको असं माझं मत आहे, विकायला खत करायचं असेल तर गोष्ट वेगळी, घरच्यापुरतं असेल तर ढीग जमिनीला टेकलेला असावा म्हणजे खालून देशी गांडुळं स्वतः चढतात.

आणि मग त्यात गांडुळं कुठून आणायची? आधी गावात बघा. पावसाळ्यात कुणाच्याही जुन्या, निवलेल्या उकिरड्याच्या कडेचा थर उचलला की खाली लालसर, चपळ गांडुळं वळवळताना दिसतात, त्यात पेरिओनिक्स नावाची देशी जात बऱ्याचदा असते आणि ती खत करायला चांगली आहे. टोपलंभर तो थर आणून नव्या ढिगात मध्ये घालायचा, दह्याला विरजण लावतो तसं. नाहीच मिळाली तर एक किलो विकत घ्या, पण ऑगस्टनंतर, आणि शक्यतो हातानं आणता येईल तिथून. तुम्हाला सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र जमण्यासारखं आहे, तिथं एकदा विचारा, नाहीतर जवळपास कोणी गांडूळखत करणारा असेल त्याच्याकडून त्याच्याच खतासकट घ्या. एक किलो पुरतं. यांची अंडी बारीक लिंबासारखी पिवळट असतात, साधारण तीन आठवड्यांत फुटतात आणि एकेका अंड्यातून बहुतेक दोन-तीन पिल्लं निघतात, ती दीड-दोन महिन्यांत मोठी होतात, पावसाळा-हिवाळा एवढ्यात ढीग भरून जातो.

ओल किती पाहिजे हे मुठीनं ठरवा. मूठभर माल घेऊन दाबला की बोटांतून एक-दोन थेंब यावे. काहीच आलं नाही तर पाणी कमी, धार लागली तर जास्त, जास्त झालं की वास मारतो आणि गांडुळं कडेला चढतात. वर ओलं गोणपाट टाकलं की उन्हाळा सोडला तर रोज पाणी मारावं लागत नाही, मार्च ते जून मात्र दिवसातून दोन वेळा मारावंच लागतं. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातले जे वाचक आहेत त्यांनी बोअरचं खारं पाणी ढिगावर मारू नका, क्षार साठत जातात आणि गांडुळाची कातडी ते सोसत नाही, पावसाचं साठवलेलं किंवा गोडं पाणी वापरा.

खायला भाजीची देठं, सालं, उरलेलं शिळं चालतं पण थोडं थोडं, आणि नेहमी कुटाराखाली दाबून. लोणचं, मीठ घातलेलं, तेलकट, मिरचीची देठं, मटणाची हाडं हे नको. संत्र्याची सालं एक-दोन चालतील, टोपलंभर नको, हंगामात घरोघरी फार निघतात म्हणून मुद्दाम सांगतोय, ती पहिल्या तापणाऱ्या ढिगात टाका. जनावरांना जंताचं औषध दिलं असेल तर पुढचे दोन आठवडे त्यांचं शेण वेगळं ठेवा. अर्धवट कुजलेल्या मालाचं दीड-दोन महिन्यांत काळंभोर, भुरभुरीत खत होतं, शेणाचा वास पूर्ण जाऊन मातीचा वास येतो ही त्याची खूण. काढताना चार-पाच दिवस पाणी बंद करायचं, मग उजेडात त्याची छोटी ढेरी करायची, गांडुळं उजेडाला घाबरून खाली जातात, वरचं खत हातानं काढत जायचं आणि तळाशी राहिलेला गोळा नव्या ढिगात. हे खत वाफ्यात टाकलं की मातीतल्या गांडुळांना पण खायला मिळतं, आणि खताची गांडुळं त्यात चार-दोन गेली तर जाऊ द्या, त्यांच्याकडून वाफ्यात फार अपेक्षा ठेवू नका.

मुंग्या लागल्या तर ढीग कोरडा पडलाय असं समजून आधी पाणी वाढवा. लाल मुंग्या तरीही येत असतील तर ढिगाभोवती बोटभर नाली करून तिच्यात पाणी ठेवायचं, पावडर मारायची नाही कारण ती मुंग्यांसोबत गांडुळांना पण मारते.

राहिल्या कोंबड्या. त्यांना गांडूळ दिसलं की त्या ढीग अर्ध्या तासात उकरून ठेवतील, रागवून उपयोग नाही. दुसऱ्या ढिगाला चारही बाजूंनी कोंबडजाळी लावा आणि वर पण, नुसतं गोणपाट त्या पायानं ओढून काढतात. वाफ्यांवर पावसाळ्याचे पहिले दोन महिने तरी जाळी नाहीतर काटेरी फांद्या ठेवा, कारण नुकती आणलेली गांडुळं आणि नुकतं पसरलेलं कुटार दोन्ही त्यांना हवं असतं. पहिल्या, तापणाऱ्या ढिगावर मात्र त्यांना खुशाल सोडा, तिथं गांडुळं नसतातच, त्या माशांच्या अळ्या खातात आणि उकरून उकरून ढीग पालटायचं तुमचं थोडं काम पण करून देतात.